सतरा पोरं आत, सतरा बाहेर

कारभारी हे एका वॉचमनचं नाव, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तरी मी त्यांना कधी अरेतुरे केलं नाही आणि त्यांनी मला कधी उलट उत्तर दिलं नाही. एकदाच दिलं. त्या एकदाची ही हकिगत आहे. सांगताना मी स्वतःला पाठीशी घालणार नाही, कारण ते एकदा घालून झालं आहे.

२०१६ चा उन्हाळा. पडेगावात दौलताबाद रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा इमारती उगवत होत्या. शेतात काही उगवेना म्हणून असेल, पण ज्याच्या त्याच्या बांधावर प्लॉटच्या पाट्या लागल्या होत्या. त्याच महिन्यात तिकडे लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. आमच्या गल्लीत आठवड्याला टँकर यायचा, तोही आला तर. आणि गल्लीच्या तोंडाशी जी चार मजली इमारत चढत होती, तिच्यावर मात्र सकाळ-संध्याकाळ पाईपनं पाणी मारलं जायचं, कारण ताज्या स्लॅबला पाणी पाजलं नाही तर तो तडकतो. खाली बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या आणि वर सिमेंट पाणी पितंय. शाळेत शिकवायला जाताना रोज हे बघायची आणि रोज माझं डोकं फिरायचं. मग मी तो पाईप धरलेल्या माणसालाच बोलायची.

"माणसं तहानली मरायला आणि तुम्ही भिंतींना अंघोळ घालताय?"

"व्हय बाई," ते म्हणायचे आणि पाईप पुढच्या भिंतीकडे वळवायचे.

हे कारभारी. अजिंठ्याच्या डोंगराकडचे धनगर. बापाच्या हातची शंभरावर मेंढरं होती. आधीच्या दुष्काळात चारा संपला, पाणी संपलं, तेव्हा एकेक करून बाजारात गेली. उरलं ते अंगावरचं घोंगडं. ते घोंगडं एप्रिलच्या उन्हातही त्यांच्या खांद्यावर असायचं, खाली वॉचमनचा खाकी शर्ट. मी एकदा विचारलं, "उकडत नाही का हो?" तर म्हणाले, "खांद्यावर काय नसलं की चालताना कलल्यावानी होतं." बोलायचे असं थोडकंच. साईटच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली होती. तिच्यात ते, बायको द्वारका आणि मुलगी अंबिका राहायची. राखण करायची, पाणी मारायचं आणि खोली फुकट, असा ठेकेदाराशी ठराव होता.

अंबिकाला, म्हणजे अंबीला, शाळेत घालायला ते आले तो दिवस मला आठवतो. नाव लिहून झालं तरी फाटकापाशी बसून राहिले. मधल्या सुट्टीत बघते तर तिथंच. मी खेकसले, "अहो, शाळा आहे ही. तुमच्या पोरीला कुणी लांडगा नेत नाही." उठले, घोंगडं झटकलं आणि म्हणाले, "बाई, आमच्या घरात वरीसभर एका जागी राहिलेलं हे पयलंच पोर हाय. मला शाळा जमली नाय, आमच्या बाला नाय. हिचं एवढं व्हऊ द्या." त्यांना काय हवं होतं ते इतकंच होतं. अंबीनं एका शाळेत राहावं, बिऱ्हाड हलू नये. आणि बिऱ्हाड हलू नये तर ती पत्र्याची खोली सुटता कामा नये.

ठेकेदार नानासाहेब माणूस वाईट नव्हता, पण एका बाबतीत कडक. साईटवर बाहेरचं कुणी नको. दुसऱ्या एका साईटवर एक मजूर वरून पडला होता, तेव्हापासून कानाला खडा. "बाहेरचं एक माणूस आत दिसलं, तर त्याच दिवशी गाठोडं बांधायचं," हे त्यांनी कारभारींना पहिल्याच दिवशी सांगितलेलं. द्वारकेची सख्खी बहीण आली तरी तिला फाटकाबाहेर भेटून परत पाठवायचे.

आता माझी करणी ऐका.

आमच्या वर्गात पहिली-दुसरी एकत्र, अंबी सोडून सतरा मुलं. कुणाचा वाढदिवस असला की मी त्याला पुढे उभं करून टाळ्या वाजवून घ्यायची. मार्चमध्ये एका मुलीच्या घरी केक कापला, तिनं वर्गात त्याचं इतकं वर्णन केलं की महिनाभर दुसरा विषय नव्हता. अंबीचा वाढदिवस एप्रिलात. ती सहा वर्षांची होणार होती. एके दिवशी तिनं फळ्यापुढं उभं राहून जाहीर केलं, "शनवारी माझा वाढदिवस हाय. समद्यांनी माझ्या घरी यायचं. केक हाय." घरी विचारलं वगैरे काही नाही.

दुसऱ्या दिवशी कारभारी शाळेत आले. घामाघूम.

"बाई, पोरीनं अख्खा वर्ग बोलावला. तुमी पोरांना सांगा, नगा येऊ म्हणून."

"का? पैशाचं म्हणताय?"

"पैशाचं भागल. द्वारकी म्हणते बिस्किटाचा केक करती. पर खोलीत चार माणसं मावत न्हाईत. आन् नानासाहेबांचा हुकूम तुमाला ठावं हाय."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला अंबीचा फळ्यापुढचा चेहरा आठवला, आणि खरं सांगायचं तर आपण चार माणसांत काहीतरी चांगलं करतोय ही हौसही मला दांडगी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय लागतं? मी म्हणाले, "इमारतीच्या खाली पार्किंगची जागा मोकळीच आहे की. सावली आहे, पंखा नको, काही नको. शनिवारी नानासाहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याच्या साईटवर असतात. तासाभराचा प्रश्न. मी स्वतः येते. सतरा पोरं मोजून आत घेईन, सतरा मोजून बाहेर काढीन. झालं?"

त्यांनी खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मग म्हणाले, "तुमी म्हणता तर." त्यांनी होकार दिला तो माझ्या शब्दावर. पोरीच्या हट्टापायी त्यांनी तो दिला नसता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी घरी जेवून तिकडे गेले. द्वारकेनं कमाल केली होती. साईटवरचीच वाळू चाळून पातेल्यात घातली, चुलीवर तापवली, तिच्यात डबा ठेवून बिस्किटाचा केक भाजला. वरून थोडा करपला होता, तिथं तिनं साखर भुरभुरली. मुरमुऱ्याचा चिवडा, शेवयांची खीर. जुन्या पेपरच्या पताका मी कापून नेल्या होत्या. मेणबत्ती एकच, लाईट गेल्यावर लावायची जाडजूड पांढरी. भेटवस्तू कुणी आणायची नाही हे मी वर्गात बजावलं होतं, फक्त आपापली पाण्याची बाटली भरून आणायची. त्या उन्हाळ्यात लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा लोकांनी तसं छापलं असतं तर कुणी हसलं नसतं.

कारभारींनी मुलांच्या हात धुण्यापुरत्या दोन बादल्या जमिनीखालच्या टाकीतून उपसल्या. इमारतीच्या मागच्या बाजूला ही टाकी होती, पुरुषभर खोल, टँकरचं पाणी तिच्यातच सोडायचे. सकाळी यायचा टँकर आलाच नव्हता, त्यामुळे तळाला पाणी थोडं. तोंडावर सेंट्रिंगची एक जाड फळी झाकण म्हणून असायची. ते दुसरी बादली ओढत होते तेवढ्यात फाटकावर पोरांचा गलका झाला, अर्धा तास आधीच. ते धावले, आणि फळी बाजूलाच राहिली. हे मला नंतर कळलं. तुम्हाला आताच सांगते.

फाटकातून मी एकेकाला डोक्यावर हात ठेवून आत घेतलं. एक, दोन, तीन करत सतरा. कारभारी फाटक धरून बाजूला उभे होते आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पोराकडे बघत होते. मला वाटलं, घाबरलेत. म्हटलं, "अहो, हसा की जरा. तुमच्या घरचं कार्य आहे."

"व्हय बाई," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

मुलं खेळली, पताका ओढल्या, त्यावरून भांडली. वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्यावर कारभारींनी घोंगडं आडवं बांधलं होतं आणि ते स्वतः तिथं बसून होते, कुणी वर जाऊ नये म्हणून. सगळी भीती त्यांना वरची होती. अंबीनं केक कापला. द्वारकेनं ओवाळलं. मी मोबाईलवर वाढदिवसाचं गाणं लावलं, आवाज पुरता वाढवला, आणि मुलांना म्हणाले, मोठ्यानं म्हणा. म्हटलं त्यांनी, तीनदा. पार्किंगला चारी बाजूंनी नुसते खांब, भिंती नव्हत्या, तरी असा आवाज घुमला की मला माझाच ऐकू येईना. अंबी त्या आवाजाच्या मध्ये उभी होती, दोन्ही गालांना साखर, आणि इतकी खूश की मला रडू आलं. मी मनात म्हटलं, बघा, तुमचे नियम आणि तुमचे हुकूम.

खीर वाढून होते तोच फाटकावर टँकरचा हॉर्न. साडेपाच वाजले होते.

कारभारींचा चेहरा उतरला. "बाई, टँकर आला म्हंजे मागं नानासाहेब बी येतील. पाणी मोजून घ्यायला ते येत्यात."

झालं, माझीही धांदल उडाली. चिवडा पोरांच्या हातात कोंबला, चपला घालायला लावल्या, रांग केली. कारभारींनी फाटक उघडलं. टँकर आत आला आणि इमारतीच्या मागे गेला. ड्रायव्हर उशीर झाल्यामुळे चिडलेला. त्यानं कुणाची वाट न बघता पाईप टाकीत सोडला आणि व्हॉल्व्ह फिरवला. पाण्याचा तो आवाज सगळ्या साईटवर भरला. मी रांगेच्या तोंडाशी उभी राहून मोजत होते. डोक्यावर हात, बाहेर. डोक्यावर हात, बाहेर. पंधरा, सोळा, सतरा.

"चला, सुटलो," मी म्हणाले. "लावा फाटक."

कारभारींनी फाटक लावलं नाही. बाहेर गेलेल्या पोरांकडे बघत होते.

"बाई, एक पोरगं नाय."

"सतरा आहेत. मोजली मी."

"सतरा असतील. पर त्यातलं एक नाय."

"म्हणजे काय? सतरा आत, सतरा बाहेर. हिशोब तुमच्यासमोर झाला."

"ते चालताना डावा पाय वढतं. चपलीचा अंगठा तुटलाय, सुतळीनं बांधलाय. निळी बाटली हाय गळ्यात. ते नाय ह्याच्यात."

रस्त्याच्या वळणावरून एक मोटारसायकल येताना दिसली. मला वाटलं नानासाहेबच. माझा तोल गेला. मी जे बोलले ते शब्दाला शब्द आठवतं. "कारभारी, एकवीस वर्षं झाली मला हजेरी घेताना. तुम्हाला विसाच्या पुढं मोजता येत नाही. तुम्ही मला मोजायला शिकवू नका. फाटक लावा."

तेव्हा त्यांनी ते एकदाचं उत्तर दिलं.

"मोजाय लागत नाय बाई. बघाय लागतं."

त्यांनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं. घोंगडं होतं तसं आडवं होतं. मग मागून येणारा पाण्याचा आवाज त्यांच्या कानात शिरला असावा, कारण त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. "फळी," असं काहीतरी पुटपुटले आणि धावत सुटले. मी त्यांना असं धावताना कधी पाहिलं नव्हतं. मीही मागे धावले. धावता धावता माझ्या डोक्यात एकेक चेहरा यायला लागला आणि मला कळलं. वर्गातल्या हनुमानची तीन वर्षांची बहीण मोनाली. तिला मी माझ्या हातानं केक भरवला होता. ती आत घेताना रांगेत नव्हती. कुंपणाच्या पत्र्यांमधल्या फटीतून केव्हातरी भावामागं आली होती. बाहेर जाताना मात्र मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. आणि डावा पाय ओढणारा, निळ्या बाटलीचा, म्हणजे संघपाल. दुसरीतला, कधी आवाज न करणारा. वर्गात तो आहे की नाही हे मला हजेरीच्या वेळीच कळायचं.

कारभारींनी ड्रायव्हरला खांद्यानं बाजूला लोटलं आणि व्हॉल्व्हवर पडले. ड्रायव्हर शिव्या देत अंगावर आला, "अबे पागल हो गया क्या?" पाणी थांबलं. त्या शांततेत टाकीतून खोकल्याचा आवाज आला.

कारभारींनी उडी टाकली. मी काठावर पालथी पडले आणि खाली पाहिलं. आत अंधार, काही दिसेना. पाणी हलल्याचा आवाज, मग कारभारींचा, "आलो रं बाळा, आलो, मान वर धर." ते पोर टाकीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून टाचा उंचावून उभं होतं. पडलं तेव्हा पाणी कमरेला होतं, आता हनुवटीला लागलं होतं. टँकर सकाळी वेळेवर आला असता तर ते उभं राहू शकलं नसतं. दुष्काळाचे मी आयुष्यात एकदाच उपकार मानले, ते त्या क्षणी. कारभारींनी त्याला डोक्यावर उचलून वर दिलं. मी आणि ड्रायव्हरनं ओढून घेतलं.  ड्रायव्हर खाली बसून "या अल्ला, या अल्ला" म्हणत राहिला.

मी संघपालला कुशीत घेतलं, पाठ चोळली. दात वाजत होते त्याचे. घरी पाणी नव्हतं, बाटली रिकामीच आणली होती. ती भरून आईला न्यावी म्हणून टाकीवर वाकला आणि आत गेला. बोलता यायला लागल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते माझ्याशी.

"बाई, मी आवाज दिला व्हता."

त्या वेळी मी पोरांना गाणं आणखी मोठ्यानं म्हणायला लावत होते.

मोटारसायकलवर नानासाहेब नव्हते, दुसराच कुणी होता, निघून गेला. पण संघपालची आई सुकेशनी मुलाला न्यायला आली ती नेमकी तेव्हाच. कंपनीच्या कँटीनमधलं काम आटोपून थेट. तिनं फाटकातून, खांबांच्या मधून पाहिलं ते एवढंच, की मी टाकीच्या काठावर पालथी पडून तिच्या लेकराला वर ओढून घेतेय. कारभारी तर टाकीतच होते. धावत येऊन तिनं पोराला आणि मला एकत्रच मिठी मारली. "बाई, तुमची नजर व्हती म्हणून वाचला माझा. नायतर कुणाला कळलं असतं?"

टाकीतून कारभारी वर आले. खाकी शर्टातून पाणी गळत होतं. ते तिच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"ताई, फळी मीच उघडी ठिवली व्हती. माझी चूक हाय."

सुकेशनीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते लिहवत नाही. कारभारींनी मान खाली घातली. आता माझी पाळी होती. म्हणायचं होतं, हा माणूस नसता तर मी फाटक लावून घरी गेले असते. म्हणायचं होतं, माझी मोजणी चुकली. मी सुकेशनीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि काही बोलले नाही. त्या वेळी वाटलं, आता नको, तिला सावरू दे. माणूस स्वतःला काहीही पटवतो.

अंबी केकच्या उरलेल्या तुकड्यापाशी बसून होती. तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

रविवारी सकाळी नानासाहेब माझ्या घरी आले. ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं होतंच. खुर्चीच्या कडेवर बसले, चहा नको म्हणाले.

"बाई, तुम्ही तिथं होता म्हणून विचारतो. कारभारी म्हणतो, पोरं त्यानंच बोलावली, मनानंच. तुमचा त्यात काही संबंध नाही म्हणतो. असं आहे का?"

 मला वाचवायला कारभारींनी खोटं बोलून ठेवलं होतं. मी कुठं मागितलं होतं? माझ्या डोळ्यांपुढं शाळा आली, साहेब आले, चौकशी आली, पेपरात नाव आलं. एकवीस वर्षांची नोकरी आली.

"हो," मी म्हणाले. "मुलीचा वाढदिवस होता ना."

"मग माझा इलाज नाही," नानासाहेब उठले. "माणूस सोन्यासारखा आहे. पण उद्या पोर मेलं असतं तर मी आत गेलो असतो."

एवढंच. एका शब्दाचं काम होतं, ते मी केलं.

सोमवारी सुकेशनी शाळेत पेढे घेऊन आली. वर्गात येऊन माझ्या पाया पडायला वाकली. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात आले, शिपाई आला. गुरुजी पोरांना म्हणाले, "बाईंसाठी टाळ्या वाजवा." पोरांनी वाजवल्या. संघपालनंही वाजवल्या. त्यानं टाकीत अंधारात कुणाचे हात धरले ते त्याला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. अंबी पहिल्या बाकावर बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. सुकेशनी गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि तोंड वर करून म्हणाली, "बाई, संघपालला माझ्या पप्पानं काढलं ना?"

"हो ग," मी म्हणाले. "तुझ्या पप्पांनीच."

पण ते मी तिला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाले. आणि तिला ते कळलं. सहा वर्षांच्या पोरांना सगळं कळतं. ती जागेवर जाऊन बसली.

 त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तशीच आधी सुकेशनीकडे गेले आणि सगळं सांगितलं. मोजणीचं, मोनालीचं, मी कारभारींना काय बोलले त्याचं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग पेढे त्यांना न्यायला पायजे व्हते की, बाई." तिथून मी साईटवर गेले. नानासाहेब होते. त्यांनाही सांगितलं, पोरं मी बोलावली, शब्द मी दिला, चूक माझी. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"काल का नाही सांगितलंत?"

मी कारभारींच्या खोलीकडे बघितलं.

"खोली दिली दुसऱ्याला. आज दुपारी त्याचं सामान आलं. आता त्याला कुठल्या तोंडानं काढू?" पत्र्याच्या खोलीपुढं एक अनोळखी बाई भांडी लावत होती. द्वारका तिला चुलीची जागा दाखवत होती.

मंगळवारी कारभारी शाळेत आले. फाटकाबाहेर छोटा टेम्पो उभा होता. त्यात एक पेटी, चार भांडी, द्वारका आणि अंबी. शेंद्र्याकडे कुठंतरी काम मिळालं होतं, पाणी मारायचंच. खोली आहे की नाही ते तिथं गेल्यावर कळणार होतं.

"बाई, पोरीचा कागद द्या. तिकडं नाव घालायचंय."

"कारभारी, मी काल नानासाहेबांना खरं सांगितलं. सगळं."

"कशापायी बाई?" त्यांना खरंच वाईट वाटलं. "तुमाला हितंच रोज राहायचंय. आमचं काय, आमी हाललो की झालं."

मी खरं म्हणजे माफी मागायला तोंड उघडलं होतं. ते वाक्य ऐकल्यावर ती मागण्याचीही माझी लायकी राहिली नाही. "बसा," एवढंच म्हणाले. ते बसले नाहीत, दारापाशी उभे राहिले.

मुख्याध्यापक रजेवर होते, दाखले मीच लिहीत होते. पुस्तक काढलं. विद्यार्थ्याचे नाव. आईचे नाव. जन्मतारीख. प्रगती. वर्तणूक. सगळं माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. मग शाळा सोडल्याचे कारण. त्या रकान्यात जागा भरपूर असते, दोन ओळी सहज मावतात. खरं कारण मला माहीत होतं, आणि समोर उभ्या माणसाला मी काहीही लिहिलं तरी ते वाचता आलं नसतं.

मी "पालकांचे स्थलांतर" असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद त्यांच्या हातात दिला.